मधली तीस पानं

सापगाव, ३० नोव्हेंबर २०२५

दादा,

तुझ्या आदेशच्या हळदीला चारचौघांत तू म्हणालास, "सरिते, आजपासून तुझं तोंड बघनार नाय." बरं. तुझा शब्द मी पाळतेय. पण माझं ऐकणारच नाही असं काही तू म्हणाला नव्हतास, म्हणून हे पत्र. कुणी वाचून दाखवायची गरज नाही. आदेशने तुझ्या फोनमध्ये ती बोलणारी बाई बसवून दिली आहे, ती वाचेल. बाई, जरा सावकाश वाचा हो. माझा दादा गुरुजी होता, घाईघाईने वाचलेलं त्याला खपत नाही.

आधी भांडणाचं उरकते. तुझ्या मोटरसायकलची चावी मी विहिरीत टाकली, ती टाकलीच. तू गाडीसकट मंडपात शिरलास तेव्हा ती चिमुरडी तुझ्या चाकापासून हातभर लांब होती आणि तू म्हणत होतास, तीच आडवी आली. आडवी कुठली? ती रांगोळीपाशी बसून लाडू खात होती. काचबिंदूने तुझी नजर कडेकडेने कुरतडत आणली होती, हे तू सोडून सगळ्या गावाला दिसत होतं. बोलायची हिंमत मी केली. पुन्हा तसं घडलं तर पुन्हा टाकीन. यंदाही भाऊबीजेला तू आला नाहीस, माझं ओवाळणीचं ताट तसंच राहिलं, तरीही हेच म्हणेन. संपलं.

आता खरी बातमी ऐक! मी पुस्तकं तपासते!

हसू नकोस. आमच्या वैष्णवीने मला हे शोधून दिलं. पुण्यात एक संस्था आहे. ज्यांना छापील अक्षर वाचता येत नाही अशांसाठी ती पुस्तकं तयार करते. जुन्या पुस्तकाच्या पानांचे फोटो काढतात, यंत्र त्या फोटोंवरून अक्षरं ओळखून मजकूर तयार करतं आणि मग तो मजकूर तुझ्या त्या बाईसारखी बाई वाचून दाखवते. पण यंत्र म्हणजे एक नंबरचं वेंधळं. म्हणून माझ्यासारखी माणसं लागतात. स्क्रीनवर डावीकडे पानाचा फोटो, उजवीकडे यंत्राने केलेला मजकूर. ओळ न् ओळ ताडून बघायची. पैसा एक मिळत नाही आणि मजा म्हणशील तर पोटभर.

पहिलं पुस्तक मिळालं ते गुरांच्या आजारांवरचं. कधीकाळी कुणीतरी त्या पानात डास मारला होता. यंत्राने त्या डासाचा अनुस्वार करून टाकला! दर पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव असतं, ते यंत्र मधेच घुसवतं. म्हणजे म्हैस कळा देतेय आणि बाई मधेच थांबून पुस्तकाचं नाव सांगतेय. मी एकटी खोखो हसत होते. तुझे दाजी दारातून डोकावले आणि न विचारताच परत गेले.

दिवसभर तहसील कचेरीसमोरच्या सेंटरमध्ये लोकांचे अर्ज टाइप करते, ते वेगळंच. हे माझं आहे. सांगायला तूच सुचलास, दुसरं कोण आहे मला?

तुझी (तोंड न दाखवणारी)
सरिता


सापगाव, ४ डिसेंबर

दादा! दादा! दादा!

बस आधी. बसलास? "घाटमाथ्यावरचा पाहुणा"!

तेच रे, तेच! तू दहावीत होतास आणि मी नुकती शाळेत जायला लागले होते. भात राखायला माळ्यावर बसायचास आणि तालुक्याच्या वाचनालयातून आणलेलं हे पुस्तक मांडीत उघडून, पाखरांना भात खुशाल खाऊ देत वाचायचास. मी खाली उभी राहून भोकाड पसरायचे, "खून कोणी केला ते सांग!" आणि तू वरून, "मोठी झालीस का वाच." मी मोठी झाले तोवर वाचनालयातली ती प्रत गेली. मग लग्न झालं, संसार झाला, खुनी राहिलाच.

आज संस्थेच्या यादीत ते नाव बघितलं आणि खुर्चीतून उठलेच. चुलीवरची फोडणी करपली. करपो! लगेच अर्ज केला आणि मिळालं!

पण पूर्ण नाही. इथली रीतच अशी. पुस्तकाचे गठ्ठे करून वाटतात, म्हणजे लवकर उरकतं. मला मिळाली मधली तीस पानं. सुरुवात कुणा दुसऱ्याकडे. शेवट नागपूरच्या एका काकांकडे. माझ्या पानांत काय आहे सांगू? घाटमाथ्यावरच्या डाकबंगल्यात एक अनोळखी पाहुणा उतरलाय आणि सकाळी मेलेला सापडलाय. त्या रात्री बंगल्यात चौघं होती: खानसामा, जंगल खात्याचा साहेब, एक डॉक्टर आणि त्या पाहुण्याची बहीण. फौजदार एकेकाचा जबाब घेतोय. आणि तिथेच माझी पानं संपतात! एका वाक्याच्या मधोमध! "तेव्हा फौजदारांनी बहिणीकडे वळून" — आणि पुढे काहीच नाही. हा काय न्याय झाला?

मी योगिनी मॅडमना फोन केला. त्या आम्हाला कामं वाटून देतात. म्हटलं, नागपूरच्या काकांचा नंबर तरी द्या. त्या हसल्या आणि म्हणाल्या, नियमात बसत नाही. बरं, पुस्तक पूर्ण झाल्यावर वाचेन म्हटलं, तर म्हणाल्या, "तेही नाही जमणार, सरिताताई. ही पुस्तकं फक्त न दिसणाऱ्या वाचकांसाठी असतात. कायद्याने तशी मोकळीक मिळालेली आहे. सभासद व्हायला प्रमाणपत्र लागतं."

ऐकलंस? मी डोळे फोडून तपासायचं आणि शेवट मात्र मला मिळणार नाही. मिळेल तो तुला. तू सभासद झालास तर.

मी काही म्हणत नाहीये. तू प्रमाणपत्राचं नाव काढू देत नाहीस हे वहिनीने सांगितलंय मला. तुला थोडं कमी दिसतं, एवढंच ना. राहू दे. पुस्तकांचं कपाटही तू कुलूप लावून ठेवलंयस, तेही तिनेच सांगितलं. इतकी वर्षं वाचल्याशिवाय ज्याला जेवण जात नव्हतं तो आता नुसता ओट्यावर बसून असतो, हे ऐकून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. पण मी काही म्हणत नाहीये.

मला फक्त एवढंच सांग: खून कोणी केला? तुला ठाऊक आहे. एक शब्द पुरे.

सरिता


सापगाव, ९ डिसेंबर

दादा,

दोन निळ्या खुणा दिसतात मला. तुझी बाई माझी पत्रं तुला वाचून दाखवते आणि तू बहिऱ्याचं सोंग घेतोस. वहिनीला विचारलं तर म्हणाली, "आयकतात गो समदं. दोन दोन येला आयकतात. पन इचारलं का म्हनतात, फोन आपलाआप वाजतो."

सुंदरावहिनीला बक्षीस म्हणून मी सापगावच्या वाफ्यातली वांगी पाठवतेय.

निम्मी पानं झाली. माझा संशय खानसाम्यावर आहे. चहा तोच नेतो, कोंबडी तोच कापतो, सुरी त्याच्याच हातात. आणि फार नम्र आहे. इतका नम्र माणूस मी आमच्या सेंटरमध्ये एकदाच बघितला, तो दुसऱ्याच्या शेताची वारस नोंद स्वतःच्या नावावर करायला आला होता. जंगल साहेबावरही थोडा संशय आहे, त्याच्या बुटांना ओला चिखल आहे. डॉक्टर बिचारा भला. रात्री उशिरा येतो, आजारी बहिणीची नाडी बघतो, सगळ्यांना धीर देतो. बहीण नुसती रडते, आणि ते रडणं मला पटत नाही. जिला खरं रडू येतं ती बाई पदर शोधत बसत नाही.

पण खानसामाच. शंभर टक्के.

सरिता

ता. क. हे पत्र मी दुपारी पाठवलं आणि आत्ता वहिनीचा फोन येऊन गेला. माझं "खानसामाच" ऐकून तू मोठ्यांदा "ह्यॅ!" म्हणालास म्हणे. ओट्यावर बसून, हवेत. वहिनी म्हणते, कित्येक महिन्यांनी तुझा असा आवाज ऐकला. "ह्यॅ" तर "ह्यॅ"! मला पुरे! म्हणजे खानसामा नाही. मी आज गोड शिरा केला, दाजींना कारण सांगितलं नाही.


सापगाव, १४ डिसेंबर

दादा,

झालं! तीस पानं संपली, तपासली, पाठवली! पाठ भरून आलीय, डोळ्यांत बाभळीचा काटा गेल्यासारखं होतंय, पण असं वाटतंय की आत्ता उठून तानशाच्या तलावाला एक फेरी मारून यावं.

आणि तुला एक कौतुकाचं सांगते. यंत्राच्या चुका तर मी काढल्याच, पण लेखकाचीसुद्धा एक पकडली! फौजदार डॉक्टरला विचारतो, तुम्ही बंगल्यावर कधी आलात. डॉक्टर म्हणतो, "आलो तेव्हा वरच्या खोलीत दिवा जळत होता." चांगलं. आठ पानांनंतर हाच डॉक्टर म्हणतो, "काळोखात चाचपडत जिना चढलो, बंगल्यात उजेडाचा ठिपका नव्हता." आता मला सांग, लेखकाला डुलकी लागली होती का काय? छापणाऱ्याच्याही ध्यानात आलं नाही!

पण मी तहसीलसमोर बसून आयुष्य काढलंय. जबाबात तफावत दिसली की अर्ज परत येतो. म्हातारी माणसं दोन-दोन खेटे घालतात. त्यामुळे कुणी एके ठिकाणी एक आणि दुसरीकडे दुसरं सांगितलं की माझा हात आपोआप जुळवून घेतो. इथेही घेतलं. "दिव्याच्या उजेडात जिना चढलो" असं नीट करून टाकलं. आता कुणा वाचकाला ठेच लागणार नाही.

बघ, गुरुजीची बहीण शोभते का नाही?

सरिता


सापगाव, १५ डिसेंबर

दादा,

सकाळी तू फोन आपटलास, त्यामुळे माझं बोलायचं राहिलं. ते आता लिहिते.

तव्यावर भाकरी होती. फोनवर तुझं नाव आलं आणि मला वाटलं वहिनीच असणार. उचलला तर तू! दीड वर्षाने तुझा आवाज, आणि पहिला शब्द काय, तर "गाढवे!"

"अगो गाढवे, काय केलंस तू? तुला कोनी सांगितला अक्कल चालवायला? डॉक्टर खोटा बोलतो, म्हनून तर त्याच्यावर नजर जाते! दिवा त्यानंच विजवला! तोच खुनी! तू जुलवून दिलंस त्याचं? खुनी सोरून दिलास तू, सरिते! आता जो आयकेल त्याला सात जन्मात नाय कलनार!"

मी म्हटलं, "दादा—" आणि तू आपटलास.

आता माझं ऐक. एक: माझ्या हातून फार वाईट झालं, मला दरदरून घाम फुटलाय. दोन: भाकरीचा कोळसा झाला. तीन: अरे दुष्टा, तू सांगून टाकलंस! जे तू मला मी भोकाड पसरलं तेव्हा सांगितलं नाहीस, पत्रात पाया पडले तेव्हा सांगितलं नाहीस, ते आज रागाच्या भरात भडाभडा ओकलास! मला स्वतः ओळखायचं होतं!

चार: तू बोललास. दादा, तू बोललास. मी तिथेच चुलीपुढे बसून रडले आणि हसले, दोन्ही एकदमच. वैष्णवी धावत आली, म्हणाली काय झालं? मी म्हटलं, मामाने शिवी दिली गो. ती म्हणाली, मग रडतेस का हसतेस?

आता योगिनी मॅडमना फोन करते. पुस्तक पुढे गेलं असेल तर मी काय करू?

सरिता


सापगाव, १८ डिसेंबर

दादा,

एक एक सांगते.

योगिनी मॅडमना मी सगळं खरं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "जे छापलंय तेच ठेवायचं, हा आपला पहिला नियम, सरिताताई. चूक वाटली तर शेरा लिहायचा, हात लावायचा नाही." मी म्हटलं, मॅडम, ते वाक्य मी आत्ता पूर्ववत करते, बघा ना, डावीकडच्या फोटोत पान उघडा. त्या म्हणाल्या, "मला फोटो दिसत नाही. मी जन्मापासून पाहिलेलं नाही. तुमची पानं मी ऐकते."

दादा! इतके दिवस या बाई मला काम देतायत, चुका दाखवतायत, वेळेवर झालं नाही की कान उपटतायत, आणि मी त्यांना "बघा ना, बघा ना" करतेय! त्यांची फोनची बाई इतकी भरभर वाचते की मला मशेरी विकणाऱ्याची ओरड वाटली. त्यांना शब्द न् शब्द कळतो.

मग त्यांनी विचारलं, "आणखी काय काय जुळवलंत?" आणि मला आठवेना! हात आपोआप चालतो रे माझा. पण मॅडम म्हणाल्या, तुमचा गठ्ठा मी अडवून ठेवला आहे. तीसही पानं नव्याने ताडून घ्यायची. एकाने मूळ पान मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने तयार मजकूर वाक्यावाक्याने ऐकत जायचं. डोळ्याला जे असायला हवं ते दिसतं, म्हणाल्या, कानाला जे आहे ते ऐकू येतं. ऐकणारा माणूस हवा. तुमच्या भावाला विचारता का?

मी वहिनीला सांगितलं. वहिनीने तुला सांगितलं. आणि तुझा निरोप आला: "ये म्हनाव. पन बोलायचं नाय. फक्त वाचायचं."

कबूल! कबूल! रविवारी किन्हवलीच्या गाडीने निघते, सरळगावला उतरून तिथून मिळेल त्या रिक्षाने येते. तोंडाला कुलूप.

सरिता


सापगाव, २२ डिसेंबर

दादा,

काल बोलायची बंदी होती, म्हणून आज लिहिते.

उंबऱ्यात पाय ठेवला आणि वाटलं, आपल्याच माहेरात मी पाहुणीसारखी दारात उभी आहे. वहिनीने मागून ढकललं तेव्हा आत आले. तू ओट्यावर बसला होतास, मान वळवलीस, नजर माझ्या अंगावरून पुढे गेली आणि भिंतीवर थांबली. तेव्हा कळलं की आता कडेकडेनेच नाही, सगळंच गेलंय. आणि तू ते कुणालाच सांगितलेलं नाहीस.

मी पानांचे फोटो उघडले आणि वाचायला लागले.

एका कानात तुझी बाई, दुसऱ्या कानात मी. मी फोटोतलं एक वाक्य वाचायचं, मग तू फोनवर बोट फिरवून तेच वाक्य ऐकायचंस. पहिली काही पानं सरळ गेली. मग तू म्हणालास, "थांब." बहिणीचं वय मी जुळवलं होतं! मग पुन्हा, "थांब." जंगल साहेब खानसाम्याला अरेतुरे करतो, तिथे मी त्याला सभ्य करून टाकलं होतं. तुझं "थांब" शाळेतलं होतं रे. तळहाताला छडीची आठवण झाली, आणि मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वहिनी चुलीपाशी बसली होती, पुढचं ऐकायला मिळावं म्हणून भांडी घासायला उठेना. मधेच म्हणाली, "आवो, त्या फोनच्या बाईला इचारा ना, ती बहीन रात्री खोलीत का गेल्ती?" तू म्हणालास, "गप. येईल."

दिव्याचं वाक्य आलं. मी मूळ वाचलं: काळोखात चाचपडत जिना चढलो. तू ऐकलंस: दिव्याच्या उजेडात जिना चढलो. मी म्हटलं "थांब," तुझ्या आधी. तू हसलास. दादा, तू दात दाखवून हसलास.

आणि मग, कुणी न विचारता, समोर बघत म्हणालास, "ती पोर मला दिसली नव्हती, सरिते." एवढंच. मी तोंडाचं कुलूप मोडलं नाही, शप्पथ. पण पदर शोधायला मला वेळ लागला नाही.

निघताना मात्र राहावलं नाही. सभासदत्वाचं काढलं. तुझा चेहरा तिथेच बंद झाला. "ते सर्टिफिकेट मला नको. माझ्या नावापुढे तसला शब्द नको." मी गाडीत सगळ्या वाटेने तुझ्याशी भांडत आले, मनातल्या मनात, आणि सगळी भांडणं मी जिंकले. तरी काही उपयोग नाही. डोळे तुझे आहेत. या वेळी जुळवून द्यायला मी हात घालणार नाही.

सरिता


सापगाव, १२ जानेवारी २०२६

दादा,

पुस्तक तयार झालं! सगळे गठ्ठे एकत्र लागले. योगिनी मॅडमचा निरोप आला, त्यात तपासणाऱ्यांची नावं आहेत. माझ्या नावाशेजारी तुझं नाव आहे. "ऐकून तपासणी: बारकू गुरुजी." मॅडमनी गुरुजी असंच लिहिलं, मी सांगितलं नव्हतं. मी ते वैष्णवीला तीनदा वाचायला लावलं.

पुस्तक मला उघडत नाही. नाव दिसतं, दार बंद.

म्हशाच्या जत्रेतून वहिनीने घोंगडी पाठवली, मिळाली. मी तुला काही विचारत नाहीये. पुढचं काम घेतलंय, भाताच्या वाणांवरचं पुस्तक आहे, त्यात खून नाही. मला करमत नाही.

सरिता


मुरबाड, ८ फेब्रुवारी २०२६

चि. सरितास,

हे पत्र मी फोनला बोलून सांगतो आहे. तो लिहितो. चुका राहतील. तू त्या सुधारू नकोस.

आदेशला सुट्टी टाकायला लावली आणि दवाखान्यात गेलो. दोन खेटे पडले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी विचारलं, किती दिवसांपासून दिसत नाही? आदेश उत्तर द्यायला लागला, मी त्याला थांबवलं. मी म्हणालो, माझ्या मुलाच्या हळदीच्या आधीपासून. माझी बहीण तेव्हाच म्हणाली होती. मी ऐकलं नाही. त्या बाईंनी लिहून घेतलं. बाहेर आल्यावर आदेशने माझा हात धरला आणि मी धरू दिला.

सभासद झालो. कपाटाची किल्ली सुंदराला दिली आहे, ज्याला हवी त्याने पुस्तकं न्यावीत. मला आता दुसरीकडे मिळतात.

आता एक सांगतो, ते तू कुणाला सांगू नकोस. "घाटमाथ्यावरचा पाहुणा" मी पूर्ण वाचलेलं नाही. वाचनालयाच्या त्या प्रतीला शेवटचं प्रकरणच नव्हतं, कुणीतरी फाडून नेलं होतं. तू खाली उभी राहून रडायचीस आणि मला ठाऊकच नव्हतं तर सांगणार काय? म्हणून म्हणायचो, मोठी झालीस का वाच. दिव्याच्या त्या दोन जबाबांवरून मी डॉक्टरला धरलं होतं. तेव्हापासून मी त्यालाच खुनी मानत आलो. गुरुजी झाल्यावर वर्गातसुद्धा ठासून सांगितलं.

परवापासून ऐकतो आहे. आपली पानं आली तेव्हा सुंदराला हाक मारून बसवली. एकही ठेच लागली नाही. काल संध्याकाळी बाई म्हणाली, प्रकरण शेवटचं, आणि मी बोट उचललं. पुढे गेलो नाही. एकट्याने ऐकायला मन घेत नाही. तुझ्याशिवाय ऐकलं तर ते वाचलं असं मला वाटणार नाही.

तुझं तोंड बघणार नाही म्हणालो होतो, ते आता माझ्या हातात राहिलं नाही. पण तू समोर बसलेली मला हवी आहेस. भाऊबीजेचं ताटही घेऊन ये, तिथी गेली तर गेली. दाजींना आणि वैष्णवीलाही आण. सुंदराने वाल भिजत घातले आहेत.

सकाळच्या गाडीने निघ. आणि डॉक्टर नसला, तर हसायचं नाही.

तुझा
दादा